फसवील, पण खोटे बोलणार नाही

महायुद्ध संपून वर्ष लोटले होते, तरी इंग्लंडातली चणचण संपली नव्हती. ऐन युद्धात जो पाव कधी मोजून मिळाला नव्हता, तो १९४६ च्या जुलैपासून, म्हणजे चांगला शांततेच्या काळात, शिधापत्रिकेवर मिळू लागला होता. मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांवरचे नियंत्रण तर मधले थोडे महिने सोडल्यास १९५३ च्या फेब्रुवारीपर्यंत उठले नाही. अशा त्या काटकसरीच्या दिवसांत एक गोष्ट मात्र तिथल्या मुलांना रोजच्या रोज आणि मनसोक्त मिळू लागली. ७ ऑक्टोबर १९४६ या दिवशी बी.बी.सी.च्या 'लाइट प्रोग्रॅम'वर 'डिक बार्टन, स्पेशल एजंट' ही साहसमालिका सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पावणेसात वाजता, अवघी पंधरा मिनिटे.

बार्टन हा लढाईवरून परतलेला कमांडो. घरी स्वस्थ बसणे त्याला जमेना, म्हणून तो गुन्हेगारांच्या आणि देशद्रोह्यांच्या मागे लागला. जोडीला जॉक अँडरसन आणि स्नोई व्हाइट हे दोन जिवाभावाचे सोबती. रोज पंधराव्या मिनिटाला तिघांपैकी कोणीतरी मरणाच्या दारात उभा, आणि दुसऱ्या दिवशी पावणेसातला स्वारी तिथून सहीसलामत परत! सुरुवातीला जी धून वाजे ती चार्ल्स विल्यम्सची. तिचे नाव 'डेव्हिल्स गॅलप', म्हणजे सैतानाची भरधाव दौड. मालिका भरात होती तेव्हा दीड कोटी माणसे ती ऐकत असत. पहिला बार्टन झाला नोएल जॉन्सन. पुढे १९४९ मध्ये ज्या डंकन कार्सने त्याला आवाज दिला, तो तरुणपणी खरोखरीच दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर जाऊन आलेला होता. लंडनच्या बंद खोलीत बसून खोट्या वादळात ओरडणाऱ्या या माणसाने खरी वादळे अंगावर घेतली होती, याची मला मोठी मौज वाटते.

मालिका लिहिली होती मोठ्या माणसांसाठी. पळवली ती मुलांनी. पावणेसात वाजले की गृहपाठ बाजूला. मग जे व्हायचे तेच झाले. आईबाप कुरकुरू लागले, आमच्या धंद्यातली माणसे कुरकुरू लागली. ही मारामारी ऐकून पोरे बिघडतील, गुन्हे करतील, असा गिल्ला झाला. बी.बी.सी.च्या वरिष्ठांनी तेव्हा काय करावे? मालिका बंद केली नाही. बार्टनला शिस्त लावली. त्याने कसे वागावे याचे नियमच लेखकांच्या हाती ठेवले. बार्टनने सरळ, शांततेचे उपाय थकल्यावाचून बळ वापरू नये. हेतू कितीही चांगला असो, त्याने कायदा मोडू नये. त्याची मारामारी म्हणजे हनुवटीवर एक स्वच्छ ठोसा. कमांडोंना शिकवलेले नि:शस्त्र झुंजीचे जीवघेणे डाव त्याला मना. दारू नाही, शिवी नाही, प्रेमप्रकरण नाही. आरंभी त्याची एक मैत्रीण होती, तिला कथेतून निरोप मिळाला. भुतेखेते नाहीत. बिचाऱ्या कमांडोची अवस्था मुंज झालेल्या बटूसारखी झाली!

नभोवाणीच्या इतिहासावरचे एक पुस्तक चाळताना हे नियम माझ्या वाचनात आले. बहुतेक वाचून मी हसलो. एका नियमाशी मात्र थबकलो, आणि तो नियम गेली काही वर्षे माझी पाठ सोडीत नाही. त्याचा आशय असा : रास्त प्रसंगी बार्टन दुसऱ्याला फसवील, पण तो खोटे कधी बोलणार नाही.

पुन्हा एकदा वाचा. फसवील, पण खोटे बोलणार नाही.

प्रथमदर्शनी हे हास्यास्पद वाटते. फसवणे वाईट की खोटे बोलणे वाईट? खोटे बोलणे वाईट ते त्याने माणूस फसतो म्हणूनच ना? मग मुक्काम चालतो आणि रस्ता चालत नाही, हा कुठला न्याय? पण जरा घरात डोकावून पाहा. दिवाळीचेच दिवस आहेत. शेजारच्या वहिनींनी फराळाचे ताट पाठवले आहे आणि चिवडा पार मऊ पडला आहे. वहिनी विचारतात, "कसा झालाय हो चिवडा?" आपण म्हणतो, "तुमच्या हाताची चवच वेगळी!" शब्द तपासून पाहा, एकही खोटा नाही. वहिनी खूष होऊन जातात, आपणही मनातल्या मनात खूष. खोटे न बोलता सुटलो. "चिवडा फार कुरकुरीत झालाय," असे म्हणालो असतो तर रात्री उगीच जिभेवर काहीतरी राहिल्यासारखे वाटले असते. म्हणजे बी.बी.सी.चा नियम आपण सारेच पाळतो. फक्त आपल्याला तो कोणी लिहून दिलेला नाही.

आणि आपल्याकडे हा नियम फार जुना आहे. इतका जुना की त्याची म्हणच होऊन बसली : नरो वा कुंजरो वा. द्रोणाचार्य आवरत नाहीत, तेव्हा श्रीकृष्ण युक्ती सांगतो. भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि अश्वत्थामा मेला म्हणून आरोळी ठोकतो. द्रोणांचा भीमावर विश्वास नाही. ते धर्मराजाला विचारतात. त्यालाच का? तर त्रैलोक्याचे राज्य मिळाले तरी हा खोटे बोलणार नाही, अशी त्यांची खात्री आहे. धर्मराज मोठ्याने सांगतो की अश्वत्थामा मेला, आणि हत्तीचा शब्द कोणाला ऐकू जाणार नाही असा पुटपुटतो. द्रोण शस्त्र खाली ठेवतात. इतका वेळ जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी धुळीला टेकतो.

आता बी.बी.सी.च्या अधिकाऱ्याला धर्मराजाच्या रथावर बसवा. त्याच्या नियमाप्रमाणे धर्मराजाने काहीच वावगे केले नाही. अश्वत्थामा मेला होता, आणि तो हत्ती होता हेही सांगितले होते. फसवले, खोटे बोलला नाही. प्रसंगही रास्तच. बार्टन उत्तीर्ण. व्यासांनी मात्र त्याला उत्तीर्ण केले नाही. रथ टेकवला तो टेकवलाच. शिवाय शेवटी, स्वर्गाच्या दारात, हिशेब पुरा केला. धर्मराजाला आधी नरक पाहावा लागतो, आपले भाऊ तिथे विव्हळत आहेत असे ऐकावे लागते. आणि नंतर इंद्र त्याला सांगतो की तू द्रोणाला कपटाने फसवलेस म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला. म्हणजे शिक्षा खोटे बोलल्याची नाही, फसवल्याचीच. आणि देवांनीही त्याला दाखवले ते कपटच. नियम त्यांनी धर्मराजाचाच त्याला लावला.

पश्चिमेकडे जाऊन सल्ला घ्यावा, तर तिथे कांट भेटतो. खुनी दाराशी येऊन तुमच्या लपलेल्या मित्राचा पत्ता विचारू लागला तरी त्याच्याशी खोटे बोलू नये, असे १७९७ मध्ये छापून सांगणारा हा कडवा तत्त्वज्ञ. पण त्याच्याच आयुष्यातली एक हकिकत पाहा. त्याच्या धर्मविषयक लिखाणावर प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख विल्हेल्म नाराज झाला. १७९४ मध्ये कांटने राजाला लिहून दिले की, महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने मी या विषयावर यापुढे बोलणार नाही. राजा वारला १७९७ मध्ये. लगेच पुढच्या वर्षी कांटने या विषयावर पुस्तक काढले आणि प्रस्तावनेत खुलासा केला की, ते शब्द मी मुद्दाम योजले होते. मी त्या महाराजांचा प्रजाजन होतो, आता ते महाराज नाहीत, मी मोकळा! आमच्या वर्गातल्या एखाद्या पोराने हे उत्तर दिले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते. कांटला बाकावर कोण उभे करणार?

माझे म्हणणे असे की, या नियमाची थट्टा करणे सोपे आहे, पण तो लिहिणाऱ्यांना काहीतरी नक्की दिसले होते. नभोवाणीवर माणसाला चेहरा नसतो. रंगभूमीवरचा नायक खलनायकाशी खोटे बोलताना प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावू शकतो. पडद्यावर तर भुवईचा केस हलला तरी पुरे. नभोवाणीवर सगळा माणूस म्हणजे एक आवाज. अंधाऱ्या खोलीत, कोळशाच्या शेगडीशी बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाला बार्टनचा एक शब्द खोटा निघाला, तर बार्टन म्हणून त्याच्यापाशी दुसरे काही उरतच नाही. आमच्याकडेही विविध भारतीवरचे 'हवा महल' रात्री लागे तेव्हा मी डोळे मिटून ऐकत असे, आणि एखादे पात्र खोटे बोलत आहे हे मागाहून कळले की मला फार अपमान झाल्यासारखे वाटे. त्या पात्राने दुसऱ्या पात्राला नव्हे, मलाच फसवले होते. बार्टन खलनायकाला चकवतो तेव्हा मूल त्याच्या कटात सामील असते. बार्टन खोटे बोलला तर मूल कटाच्या बाहेर पडते. नियम खलनायकाच्या रक्षणासाठी नव्हताच. तो ऐकणाऱ्याच्या कानासाठी होता.

(आणि मालिका स्वतः? ती तर रोज संध्याकाळी सातला मुलांना फसवीत होती. बार्टन वाचेल का, असा सूर लावून भाग संपायचा. वाचणार हे लेखकांना ठाऊक, निवेदकाला ठाऊक. पण विचारणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे! कादंबऱ्या लिहून चार पैसे मिळवणाऱ्या माझ्यासारख्याने यावर अधिक न बोललेले बरे.)

पण घर म्हणजे नभोवाणी नव्हे. हा नियम घरात आला की काय होते ते मी लहानपणी पाहिले आहे.

माझी आत्या विधवा होऊन आमच्याकडे राहत होती. एकुलता एक मुलगा सुरतेला, कापडाच्या कारखान्यात. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आत्याला हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी बजावले, महिनाभर जिवाला धक्का लागता कामा नये. आणि आठच दिवसांनी सुरतेहून तार आली. मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला होता.

आमचे थोरले काका तलाठी होते. हा माणूस खोटे बोलत नाही, अशी पंचक्रोशीत त्यांची ख्याती. बांधाच्या भांडणात दोन्हीकडची माणसे त्यांच्या शब्दावर उठत. त्यांनी सगळ्यांना मागच्या पडवीत बोलावले, मला आणि माझ्या बहिणीलासुद्धा. म्हणाले, "कुणी तिला सांगायचं नाही. आणि कुणी खोटंही बोलायचं नाही." बी.बी.सी.चे नाव त्यांनी बातम्यांपलीकडे ऐकले नसेल. पण नियम तोच.

माझे वडील त्याच रात्री सुरतेला निघाले. आत्याने विचारले तेव्हा म्हणाले, "सुरतेला जाऊन येतो." खरेच होते. आत्या हरखली. तिने आईला हाक मारून बेसनाच्या लाडवांचा डबा भरायला लावला, वर फडके बांधायला लावले, आणि तो वडिलांच्या हातात दिला. वडिलांनी तो घेतला. चार दिवसांनी ते परत आले. आत्या वाट पाहत होती. "पाहिलास का रे त्याला?"

"पाहिला," वडील म्हणाले.

पुढे रोज सकाळी टपालाच्या वेळेला आत्या थोरल्या काकांना विचारी, "दादा, सुरतेचं पत्र आलं का रे?" काका सांगत, "नाही गं. आज सुरतेचं पत्र नाही." शब्दाशब्दाला खरे. तार आली होती. पत्र आले नव्हते. असे सत्तावीस दिवस चालले. मग डॉक्टरांनी परवानगी दिली आणि काकांनी स्वतः तिच्या उशाशी बसून तिला सांगितले.

आत्या तेव्हा काही बोलली नाही. पुढे पंधरा-वीस दिवसांनी, आम्ही जेवायला बसलो असताना, एकाएकी काकांकडे पाहून म्हणाली, "दादा, तू खोटं बोलला असतास तर मला तुझा राग तरी आला असता. माझ्या जिवासाठी खोटं बोललास, असं म्हणून मी विसरले असते. तू रोज खरं बोलत होतास रे. आता तुझं कुठलं खरं धरू मी?"

काकांनी ताटावरचा हात काढला नाही, पण घासही घेतला नाही.

त्यानंतर आत्या अकरा वर्षे जगली. ती जगली ती त्या सत्तावीस दिवसांमुळे, असे डॉक्टर म्हणत, आणि ते मला नाकारता येत नाही. पण त्या अकरा वर्षांत काकांनी काहीही सांगितले, अगदी बाहेर पाऊस आहे म्हणून सांगितले, तरी आत्या माझ्याकडे वळून हळूच विचारी, "खरंच का रे?" गावाने ज्याच्या शब्दावर बांध हलवले, त्याच्या शब्दाला त्याच्याच घरात जामीन लागू लागला.

जिभेवर रेघ ओढून काम भागत नाही, असे मला त्यामुळे वाटते. जीभ खरे बोलली की खोटे, हे पाहण्याआधी समोरच्याने आपल्यापाशी काय ठेवले होते, हे पाहायला हवे. द्रोणांनी भीमाला सोडून धर्मराजाला विचारले, आत्या आम्हा सगळ्यांना सोडून काकांना विचारी. दोघांनीही आपला भरवसा एका माणसाच्या ओटीत टाकला होता, आणि दोघांच्याही बाबतीत तो भरवसाच फसवणुकीचे हत्यार झाला. उघड खोटे बोलणारा निदान स्वतःची अब्रू पणाला लावतो. उघडकीला आले तर ती जाते, हे त्याला माहीत असते. खऱ्या शब्दांनी फसवणारा दुसऱ्याचा विश्वास खर्चतो आणि आपली अब्रू गाठीला बांधून ठेवतो. म्हणून रथ टेकला. खलनायकांनी बार्टनपाशी काहीच ठेवलेले नसते. तिथे हा नियम निरुपद्रवी आहे. तो आईबहिणींना, मित्रांना लावू लागलो की पंचाईत.

तुम्ही म्हणाल, मास्तर, इतके सोपे नाही. कौशिकाचे काय? खरे आहे. महाभारतातच, कर्णपर्वात, श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. हा ब्राह्मण सत्याचे व्रत घेऊन नद्यांच्या संगमावर राहिला होता. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे त्याच्या जवळच्या रानात लपली. दरोडेखोर आले आणि त्यांनी कौशिकालाच विचारले. कारण तो खरे बोलणार हे त्यांनाही ठाऊक. कौशिकाने खरे सांगितले. माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. म्हणजे भरवसा तिथेही होता. दरोडेखोरांचाही कौशिकावर द्रोणांइतकाच विश्वास. तो मोडला नाही म्हणून तर कौशिक बुडाला.

या गोष्टीपुढे माझा विचार पुष्कळ दिवस अडून बसला होता. आता इतकेच वाटते की भरवसा ठेवणे निराळे आणि दुसऱ्याच्या खरेपणाचा सुरा करून घ्यायला येणे निराळे. आपले सत्य मागायला आलेला माणूस कशासाठी आला आहे, हे न पाहता त्याच्या पदरात ते टाकणे म्हणजे व्रत नव्हे, आळस. कौशिकाने आपले पुण्य राखले आणि किंमत रानातल्या माणसांकडून वसूल केली. एवढ्यापुरते धर्मराज, कौशिक आणि आमचे काका एकाच रांगेत बसतात. तिघांच्याही जिभा स्वच्छ राहिल्या. काकांना या रांगेत बसवताना मला जड जाते. त्यांना स्वतःला काही मिळवायचे नव्हते. पण बहीण वाचवायची होती तशी आपली ख्यातीही वाचवायची होती. दोन्ही वाचवायला गेले आणि तिसरेच काहीतरी गेले.

असो. बार्टनचा शेवट सांगायचा राहिला. ७११ भागांनंतर, ३० मार्च १९५१ ला, तो निवृत्त झाला. कोणा खलनायकाने त्याला मारले नाही; त्याची पावणेसातची वेळ एका शेतकरी कुटुंबाने घेतली. 'द आर्चर्स' ही त्या कुटुंबाची मालिका, आणि ती अजून चालू आहे. मौज अशी की तिचे पहिले लेखक एडवर्ड मेसन आणि जेफ्री वेब हे बार्टनचेच लेखक. नवी मालिका काढण्यात शेतकऱ्यांना सुधारलेल्या शेतीची माहिती देऊन देशाचे धान्य वाढवावे, असाही हेतू होता. ऐकणारा सासू-सुनेच्या ओढीने बसायचा आणि उठताना खताचे प्रमाण कानात घेऊन उठायचा. फसवले, पण खोटे बोलले नाहीत! बार्टनचे बहुतेक भाग मात्र जतन झालेच नाहीत. ज्या शब्दांवर इतका पहारा बसवला, ते हवेत विरून गेले.

यंदा पावसाळ्यात वर्गात आग्र्याहून सुटका शिकवीत होतो. १६६६ सालचा तो प्रसंग मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. तो ऐकूनच शाळेत येतो. आजारीपणाचे सोंग, मिठाईचे पेटारे, पलंगावर महाराजांच्या जागी शाल पांघरून झोपलेला हिरोजी फर्जंद. मी मुलांना बार्टनचा नियम सांगितला आणि विचारले, या नियमाने पाहिले तर काय दिसते? वर्गात एकच गोंधळ उडाला. एक म्हणाला, पेटारे चालतील, त्यांत बोलणे कुठे आहे? दुसरा म्हणाला, आजारी आहे असे सांगितले, ते खोटेच झाले. मी मग त्यांना पाठ्यपुस्तकात नसलेली एक गोष्ट सांगितली. महाराजांसाठी मिर्झा राजांचा मुलगा रामसिंग बादशहाकडे जामीन राहिला होता. आग्र्याहून त्या वेळी लिहिलेल्या राजस्थानी पत्रांत असे येते की, महाराजांनी रामसिंगाला तो जामीन मागे घ्यायला सांगितले होते. पुढे रामसिंगावर बादशहाची खप्पा मर्जी झाली ती झालीच. पण ज्याने विश्वास ठेवला त्याला मोकळे करण्याचे आधी आणि पहारेकऱ्यांना चकवण्याचे मागाहून, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पहारेकऱ्यांनी काही महाराजांवर विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी पहारा ठेवला होता.

मग हिरोजीचा प्रश्न आला. गोष्टीत तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पलंगावर पडून राहतो, आणि बाहेर पडताना पहाऱ्यावरच्यांना सांगतो की महाराजांचे डोके दुखते आहे, आत कोणी जाऊ नका. हे सरळ सरळ खोटे. आडपडदा नाही, हत्ती नाही, पत्र आणि तार नाही. मी फळ्यावर प्रश्न लिहिला : 'हिरोजी फर्जंदाला बार्टनच्या टोळीत घेतले असते का? सकारण लिहा.' गुण दहा.

अठ्ठावन्न वह्या आल्या. पुष्कळांनी, मास्तरांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन, घेतले असते असे लिहिले. काहींनी नियम तो नियम म्हणून घेतले नसते असे लिहिले. खिडकीशी बसणाऱ्या एका मुलीने, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, दोनच ओळी लिहिल्या आहेत : 'बार्टनने घेतले नसते. पण महाराज लांब जाईपर्यंत हिरोजी पलंगावरून उठला नाही.'

सकारण लिहा म्हटले होते, आणि नियमाप्रमाणे हे अर्धेच उत्तर आहे. वही अजून माझ्या टेबलावर आहे. सुट्टी संपली की परत द्यायची आहे.